चंद्रकोर, परिपत्रक आणि परतीचं तिकीट: आखातातल्या शिक्षकांनी रमजान-ईदची सुट्टी कशी आखावी

२९ मार्च २०२५ ची रात्र. मी मस्कतहून त्याच दिवशी घरी पोचले होते. आई दुसऱ्या दिवशीच्या गुढीसाठी साखरेच्या गाठी काढून ठेवत होती आणि मी फोनकडे डोळे लावून बसले होते. नऊच्या सुमारास स्टाफच्या ग्रुपवर निरोप आला: ओमानमध्ये चंद्र दिसला नाही, ईद सोमवारी. दुबई, दोहा, रियाधमध्ये मात्र ईद दुसऱ्याच दिवशी, रविवारी.

ओमानच्या सरकारी सूचनेत दोन्ही शक्यता आधीच लिहिलेल्या होत्या. ईद रविवारी ३० मार्चला आली तर सुट्टी मंगळवारपर्यंत आणि बुधवारी २ एप्रिलला कामावर हजर. सोमवारी ३१ मार्चला आली तर सुट्टी गुरुवारपर्यंत, पुढे शुक्रवार-शनिवार आठवड्याची सुट्टी, म्हणजे थेट रविवारी ६ एप्रिलला कामावर. आमच्या शाळेनंही हेच धरलं होतं. शुक्रवार २८ पासून मोजलं तर एका संध्याकाळच्या चंद्रामुळे पाच दिवसांची सुट्टी नऊ दिवसांची झाली. माझं परतीचं तिकीट १ एप्रिलच्या रात्रीचं होतं, स्वस्तातलं, तारीख न बदलणारं. आईनं विचारलं, "मग आता राहशील ना आठवडाभर?" मला नाही म्हणावं लागलं. नवं तिकीट शोधलं तेव्हा त्याचा दर बघून फोन बंदच केला.

त्यानंतर मी ईदची सुट्टी वेगळ्या पद्धतीनं आखते. आखातात नव्यानं शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी पंचांग उघडा

हिजरी महिना २९ किंवा ३० दिवसांचा आणि वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. आपलं चांद्र वर्षही साधारण तेवढंच. फरक असा की आपण अधूनमधून अधिक मास घालून सण ऋतूला बांधून ठेवतो, हिजरी कालगणनेत तसं काही नाही. म्हणून रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो.

मराठी माणसाला याचा अंदाज बांधायला वेगळ्या साधनाची गरज नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात अमावास्या बघा. तिच्यानंतर एक-दोन दिवसांत हिजरी महिना लागतो. रमजान ईद म्हणजे शव्वाल महिन्याची १ तारीख, म्हणून ती शुद्ध प्रतिपदा-द्वितीयेच्या आसपास येते. बकरी ईद जिल्हज महिन्याच्या १० तारखेला, म्हणजे शुद्ध दशमी-एकादशीच्या जवळपास. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि आखातात ईद १० ला होती. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि दुबईतली ईदही त्याच दिवशी. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आणि ईद त्याला खेटूनच. तीन वर्षं हा शेजार टिकला. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर तो सुटतो. २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला जातो आणि रमजान ईद मात्र ९-१० मार्चच्या सुमारास, महाशिवरात्र आणि होळी यांच्या मधे येते. पाडव्याला घरी जायचं आणि ईदची सुट्टी वापरायची हा हिशेब आता काही वर्षं जमणार नाही.

पुढचे अंदाज वहीत टिपून ठेवा, एक दिवस पुढेमागे धरून. २०२७ मध्ये रमजान ८ फेब्रुवारीच्या सुमारास लागेल, बकरी ईद १६-१७ मे. २०२८ मध्ये रमजान २८ जानेवारीच्या आसपास, ईद २६-२७ फेब्रुवारी, बकरी ईद ५ मे. २०२९ मध्ये रमजान १६ जानेवारीच्या सुमारास, ईद १४-१५ फेब्रुवारी, बकरी ईद २४ एप्रिल. आणि २०३० मध्ये रमजान दोनदा लागेल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा हिवाळी सुट्टीचा काही भाग रमजानमध्येच जाईल.

दोन ईद, दोन वेगळे हिशेब

नव्या शिक्षकांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते. रमजान ईदची पक्की तारीख आदल्या संध्याकाळी कळते. रमजानच्या २९ तारखेला सूर्यास्तानंतर चंद्र दिसला तर उद्या ईद, नाही तर परवा. बकरी ईद मात्र महिन्याच्या दहाव्या दिवशी असते. जिल्हजचा चंद्र दिसला की ईद कधी हे जवळजवळ दहा दिवस आधीच ठरून जातं. म्हणून बेतशीर, कमी दिवसांचा आणि वेळेला पक्का असा प्रवास बकरी ईदला ठेवावा. रमजान ईदला थोडा सैल बेत लागतो.

प्रत्येक देश आपला निर्णय आपण घेतो. सौदीत सर्वोच्च न्यायालय घोषणा करतं, यूएईत चंद्रदर्शन समिती. ओमान स्वतःच्या आकाशावर भर देतं आणि पुष्कळदा एक दिवस मागे असतं. २०२४ चा रमजान सौदी आणि यूएईत ११ मार्चला लागला, ओमानमध्ये १२ ला. त्यामुळे दुबईतल्या मैत्रिणीनं टाकलेल्या तारखेवर मस्कतचं तिकीट काढू नका. उम्म अल-कुरा हे सौदीचं गणिती कॅलेंडर आहे. अंदाजाला ते उत्तम, पण निर्णय चंद्राच्या साक्षीवर होतो.

आखातातली ईद भारतातल्या ईदच्या पुष्कळदा एक दिवस आधी येते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी दुबईत ईद झाली आणि दुसऱ्या दिवशी भारतात. माझ्या ओळखीतले दुबईचे एक कोकणी सर याचा सुरेख उपयोग करतात. सकाळची ईदची नमाज सहकाऱ्यांबरोबर पढतात, दुपारी विमानात बसतात आणि दुसऱ्या दिवशीची ईद गावी आईवडिलांबरोबर.

आपली शाळा कोणत्या साच्यातली

एप्रिलला सुरू होणारी भारतीय अभ्यासक्रमाची शाळा असेल तर फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाच्या आणि वार्षिक परीक्षा, पेपर तपासणी, निकालपत्रकं. रमजान आता नेमका त्यात येतो, आणि येत्या वर्षांत प्रॅक्टिकल आणि सराव परीक्षांवर येईल. दहावी-बारावीला शिकवणाऱ्यांनी रमजान ईदचा मोठा प्रवास काही वर्षं मनातून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ईद झाल्यावर लगेच तपासणीचा गठ्ठा वाट बघत असतो आणि प्रवासाहून थकून आलेल्या हातांनी गुण देणं मुलांवर अन्याय आहे. बकरी ईद मात्र या शाळांना सत्राच्या सुरुवातीला, एप्रिल-मेमध्ये मिळते. खरी फिरण्याची सुट्टी ती.

ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या ब्रिटिश किंवा अमेरिकी धाटणीच्या शाळेत गणित उलटं बसतं. मे महिना म्हणजे जीसीएसई, ए-लेव्हल आणि आयबीच्या परीक्षा. तिथे बकरी ईद जपून वापरावी लागते आणि रमजान ईद वसंत सुट्टीला जोडून आली तर सोनं.

आठवड्याची सुट्टीही तपासा. यूएईत जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस, शारजात शुक्रवार ते रविवार. सौदी, ओमान, कतार, कुवेत, बहरीनमध्ये शुक्रवार-शनिवार. कायद्यानं मिळणारी सुट्टी देशागणिक वेगळी. यूएईत रमजान ईदला शव्वालचे पहिले तीन दिवस, आणि रमजान ३० दिवसांचा झाला तर तिसावा दिवसही सुट्टीत धरतात. सौदीत खासगी नोकरदारांना २९ रमजाननंतरच्या दिवसापासून चार दिवस. बकरी ईदला दोन्हीकडे अरफातचा दिवस, म्हणजे ईदचा आदला दिवस, आणि पुढचे तीन. शाळांची सुट्टी यापेक्षा बऱ्याचदा मोठी असते. म्हणूनच जोडीदार कंपनीत असेल तर आधी त्याची किंवा तिची सुट्टी विचारा. तुम्हाला दोन आठवडे आणि घरच्या माणसाला चार दिवस, हे अनेक घरांत होतं.

परिपत्रक हातात आल्याशिवाय पैसे भरू नका

वर्षाच्या सुरुवातीला मिळणारं शाळेचं कॅलेंडर म्हणजे अंदाज. त्यातल्या ईदच्या तारखांपुढे बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चंद्रदर्शनानुसार बदल होईल. ती ओळ गंभीरपणे घ्या. बातम्यांमध्ये सरकारी आणि खासगी क्षेत्राच्या सुट्ट्या वेगवेगळ्या जाहीर होतात आणि तुमची शाळा त्यातल्या कशात बसते हे बातमी सांगत नाही. दुबईत केएचडीए, अबूधाबीत आडेक अशा शिक्षण नियामक संस्थांच्या सूचना शाळेकडे येतात. तुमच्यासाठी शेवटचा शब्द शाळेच्या परिपत्रकाचा.

शाबान महिन्यातच, म्हणजे रमजान लागायच्या आधी, समन्वयकांना एक छोटा मेल लिहा. मी दर वर्षी हेच विचारते: "मॅडम, ईद एक दिवस मागे गेली तर शाळा कोणत्या तारखेला सुरू होईल? विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या हजेरीची तारीख एकच आहे का? सुट्टीत परीक्षा-निरीक्षण किंवा तपासणीची ड्यूटी लागणार आहे का? सुट्टीला लागून एक दिवस रजा घेतली तर पगार कसा धरला जातो?"

दुसरा आणि चौथा प्रश्न विसरू नका. अनेक शाळांमध्ये शिक्षक मुलांच्या आधी एक-दोन दिवस हजर राहतात. आणि सँडविच लीव्हचा नियम असेल तर सुट्टीला लागून घेतलेली एक रजा मधल्या सगळ्या सुट्टीचा पगार खाऊन टाकते. हा नियम करारात असतो, स्टाफरूममधल्या गप्पांवर विसंबू नका. उत्तर लेखी घ्या, नम्रपणे घ्या.

तिकीट

रमजान ईदसाठी माझा नियम असा: जाण्याचा दिवस तो, जो दोन्ही शक्यतांत सुट्टीच असेल. परतीचा दिवस तो, ज्यानंतर लहान सुट्टीच्या शक्यतेतही शाळेपूर्वी एक पूर्ण रात्र हातात राहील. आणि परतीच्या बाजूला तारीख बदलता येणारं तिकीट. जास्तीचे पैसे फक्त परतीवर घाला, जाण्याचं तिकीट साधं चालतं. तारीख बदलायची म्हणजे शुल्क आणि त्या दिवसाच्या दरातला फरक असं दोन्ही भरावं लागतं, हे काढण्यापूर्वी वाचून घ्या. माझ्या २०२५ च्या चुकीचं मूळ परतीच्या तिकिटातच होतं. लहान शक्यता धरून परतीची तारीख ठरवली हे बरोबरच होतं. चार दिवस हुकले तर जीव हळहळतो, पण गैरहजेरी लागली तर नोकरीवर डाग येतो. फक्त मोठी शक्यता खरी ठरली तर राहायची सोय मी ठेवली नव्हती.

रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात तिकिटं पाहून ठेवा. शेवटच्या दहा दिवसांत उमरा म्हणजे मक्केची छोटी यात्रा करणारे, घरी परतणारे आणि फिरायला निघणारे असे सगळे एकाच वेळी निघतात. सौदीतल्या शिक्षकांनी मक्का-मदिनेच्या वाटेवरच्या गाड्यांचा आणि हॉटेलांचा ताण वेगळा धरावा. हजच्या आधीच्या आठवड्यांत परवान्याशिवाय मक्केत प्रवेशावर निर्बंध येतात, तेव्हा उमराचा बेत त्याच्या पुष्कळ आधी उरकावा.

आणखी एक, छोटी वाटणारी पण मला महागात पडलेली गोष्ट. विमानतळाची टॅक्सी इफ्तारच्या वेळेला मागू नका. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानच्या आधीचा अर्धा तास रस्त्यांवर प्रत्येकाला घर गाठायचं असतं, वेग बेफाम असतो आणि अजान झाली की रस्ते रिकामे. चालकही उपाशी माणूस आहे, तो खजूर आणि पाणी घेण्यासाठी थांबणारच. एक तास आधी निघा किंवा एक तास नंतर.

कागदपत्रं रमजानच्या आधी

रमजानमध्ये सगळ्या कचेऱ्यांच्या वेळा आखडतात. यूएईच्या कामगार कायद्यात रोजचे दोन तास कमी होतात, सौदीत मुस्लिम कर्मचाऱ्यांना दिवसाला सहा तासांची मर्यादा. साहजिकच पासपोर्ट, निवास परवाना, मुलांची नोंदणी, सगळं सावकाश होतं आणि ईदच्या आठवड्यात तर पूर्ण थांबतं. म्हणून शाबानमध्ये एका संध्याकाळी घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडा आणि मुदती बघा. परतीच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक हवेत. सौदीत असाल तर एक्झिट री-एंट्री, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत येण्याची परवानगी, अबशर या सरकारी पोर्टलवर निघाली आहे का आणि ती घरातल्या प्रत्येकाची निघाली आहे का, ते तपासा. शाळा ती काढून देत असेल तर ज्या बाई ते काम बघतात त्यांनाही ईदची सुट्टी असते, हे लक्षात ठेवा. आखाताच्या निवास परवान्यावर जॉर्जिया, अझरबैजान, आर्मेनियाकडे जाणारे बरेच असतात. तिथले नियम व्यवसाय, परवान्याची मुदत आणि राष्ट्रीयत्व यांवर बदलतात, तेव्हा त्या देशाच्या अधिकृत पानावरच बघा. गाडीनं यूएईतून ओमानला यायचं असेल तर गाडीचा विमा ओमानला लागू आहे याचा कागद सोबत हवा.

रमजानचा महिना शाळेत

शाळेची वेळ कमी होते, तासिका आखडतात, खेळाचा तास हलका होतो. तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) आणि सहरी (पहाटेचं जेवण) यांमुळे मुलं अपुऱ्या झोपेत येतात. माझ्या वर्गात तिसऱ्या आठवड्यात पहिल्या बाकावरची मुलगी वहीवर डोकं टेकवून झोपली होती, हातातलं पेन तसंच. मी तिला उठवलं नाही. त्यानंतर जड धडे मी रमजानच्या आधी उरकते, आणि महिन्यात उजळणी, वाचन, छोट्या चाचण्या पहिल्या तासाला.

पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका. कुवेतमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणंपिणं हा १९६८ च्या कायद्यानं गुन्हा आहे, १०० दिनारपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दुबईत २०२१ पासून हॉटेलांना पडदे लावायची सक्ती उरली नाही. देश कोणताही असो, उपास धरलेल्या मुलासमोर घोट घेताना मला स्वतःलाच बरं वाटत नाही. शाळेत उपास न धरणाऱ्यांसाठी खोली ठरवून दिलेली असते, ती वापरा.

आखातातल्या आखातात फिरायला रमजानचे शनिवार-रविवार किंवा शुक्रवार-शनिवार चांगले असतात. गर्दी कमी असते आणि हॉटेलंही बऱ्याचदा सवलत देतात. फक्त दुपारचं जेवण खोलीतच होईल अशी तयारी ठेवा आणि किल्ले, संग्रहालयं कधी उघडी आहेत ते विचारून निघा. रात्री शहर जागं असतं.

एक तरी ईद इथेच काढा

दर वर्षी घरी पळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ज्या मुलांना तुम्ही शिकवता त्यांचा सण एकदा जवळून बघा. रमजानच्या मध्याला ओमानमध्ये करनकशोह असतो. लहान मुलं पारंपरिक कपडे घालून, गाणी म्हणत घरोघर फिरतात आणि पिशवीत गोळ्या, शेंगदाणे, सुकामेवा गोळा करतात. कतारमध्ये त्याच सुमारास गरंगाओ. त्या दिवशी रजा टाकू नका.

मग ईदच्या आधीच्या दिवसांत हब्ता, म्हणजे ईदचे बाजार. निजवाच्या बाजारात मी एकदा पहाटे गेले होते. मोकळ्या गोलाभोवती माणसं दाटीनं उभी, मधून मालक शेळ्या-बोकडांना दोरीनं फिरवत भाव पुकारतात आणि गर्दीतून कुणी हात वर केला की तिथेच थांबून दात तपासले जातात. माझ्याच वर्गातला आठवीतला सालेम आजोबांबरोबर तिथे होता, कमरेला खंजर, डोक्याला मुस्सर. वर्गात न बोलणारा हा मुलगा त्या दिवशी मला कोणता बोकड का चांगला हे पंधरा मिनिटं समजावत होता. ईदच्या दिवसांत त्याच्या घरून शुवा आला, मसाला लावून जमिनीतल्या भट्टीत दिवसभर शिजवलेलं मांस. मी मांस खात नाही हे कळल्यावर त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी हलव्याचा वाडगा पाठवला.

सहकाऱ्यांशी बोलून घ्या

सुट्टीच्या अर्जापूर्वी स्टाफरूममध्ये एक बैठक घाला. रमजानच्या शेवटच्या दहा रात्री मुस्लिम सहकाऱ्यांसाठी सर्वांत मोलाच्या असतात. त्यांची सकाळची एखादी तासिका आपण घेतली तर त्यांना झोपेचा एक तास मिळतो. मी आमच्या गणिताच्या फातिमा मॅडमची पहिली तासिका ते दहा दिवस घेते. गणपतीच्या दिवशी माझे दोन तास त्या घेतात. लेखी काही नाही, पण वेळापत्रकाच्या वहीत दोघींच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण असते.

परत आल्यावरचा पहिला दिवस आधीच आखून ठेवा. महिनाभर रात्री जागलेली मुलं ईदनंतर लगेच सकाळच्या पूर्ण वेळेत येतात, पहिले दोन-तीन दिवस कुणाचंच लक्ष लागत नाही. त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. मी पहिल्या तासाला फक्त ईदी, म्हणजे मोठ्यांनी ईदला दिलेले पैसे, किती मिळाली ते विचारते आणि फळ्यावर बेरीज करायला लावते. आकडे मोठे होत जातात, वर्ग जागा होतो, आणि मग पुस्तक उघडता येतं.